कोबीच्या पानावरचा मासा

न्यूझीलंडमधल्या टाउपोच्या तळ्याचं पाणी कुला आत्यानं पहिल्याच दिवशी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकून टाकलं.

"एवढं पाणी," ती म्हणाली, "आणि मीठ कुठं गेलं?"

माझा नवरा फालानिको हसला, मीही हसले. आत्या हसली नाही. तिनं तळ्यापलीकडच्या बर्फाच्या डोंगरांकडे एकदा पाहिलं, ओली बोटं झग्याला पुसली आणि विचारलं, "मग इथली माणसं कच्चा मासा भिजवतात कशात?"

फालानिकोनं सामान उचललं आणि घराची वाट धरली.

ह्या गोष्टीला पन्नासाहून जास्त वर्षं झाली. आता मी पोरिरुआला नातीच्या घरी असते. इथून समुद्र दिसतो. दुकानात नारळ मिळतो, तारोचे कंद मिळतात, गोठवलेले का होईना पण आपल्याकडचे मासेसुद्धा मिळतात. नात म्हणते, "आजी, आता तरी एका जागी बस की." पण जेवणाची वेळ झाली की माझे पाय अजूनही दारापर्यंत जाऊन येतात. ती सवय टाउपोची.

आमच्या टोकेलाऊ बेटांवर, तिकडे भर पॅसिफिकमध्ये, मोठं वादळ झालं, माडांचे शेंडे मोडले, आणि ज्यांना यायचंय त्यांना सरकार न्यूझीलंडला आणू लागलं. फालानिकोला जंगल खात्यात पाइनची रोपं लावायचं काम मिळालं आणि तळ्याच्या वरच्या अंगाला एका गल्लीत लाकडी घर. आम्हा बेटावरच्या लोकांना मुद्दामच विखरून ठेवलं होतं. एका गल्लीत एकच घर, म्हणजे आम्ही लवकर इथल्यासारखे होऊ. आमच्या गल्लीत नऊ घरं होती, आणि आमची भाषा फक्त आमच्या चार भिंतींत.

कुला आत्या म्हणजे फालानिकोच्या वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडे भाऊ समुद्रावर जातो आणि थोरली बहीण घर धरून बसते. गावातल्या सगळ्या होड्यांचे मासे किनाऱ्यावर एकत्र ओततात आणि जाणते पुरुष घराण्यांप्रमाणे ढीग लावतात. ह्याला आम्ही इनाती म्हणतो. मासा कुणी पकडला, हे तिथं कुणी विचारत नाही. विधवेला, आंधळ्याला, काल जन्मलेल्या पोरालासुद्धा सारखाच वाटा. मग आपल्या घराण्याचा ढीग घरी आला की कुला आत्या खवणीच्या पाटावर बसायची आणि सुरी हातात घ्यायची. चुलत, मावस, सावत्र सगळी माणसं तिच्या डोक्यात पक्की असायची. कुणाला डोक्याकडचा तुकडा आवडतो, कुणाकडे पाहुणा उतरलाय, कोण बाळंतीण आहे, सगळं. 'मला कमी आलं' असं कुणी म्हणालेलं मी कधी ऐकलं नाही.

तो खवणीचा पाट तिनं बोटीतून टाउपोपर्यंत आणला होता. घरात खुर्च्या होत्या, तरी ती त्यावरच बसायची, मागच्या दाराच्या पायरीशी. खवायला नारळ नव्हता आणि वाटायला माणसं नव्हती.

मला पहिल्यांदाच दिवस गेले होते. माझी आई बेटावर राहिली होती. तळ्याकाठी हॉस्पिटल होतं, नर्सबाई मायाळू होत्या, पण त्या बोलायच्या ते मला अर्धंच कळायचं, आणि मी घाबरले की मला आपली भाषासुद्धा आठवायची नाही. घराण्यातली निम्मी पोरं कुला आत्यानं स्वतःच्या हातांवर झेलली होती. संध्याकाळी ती माझ्या पोटावरून तेलाचा हात फिरवायची तेव्हा पोटातलं पोर शांत व्हायचं आणि मीही. माझी वेळ येईल तेव्हा ती जवळ हवी, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही मी मागत नव्हते.

आणि आत्या जेवेना.

मी मटण भाजायची, बटाटे उकडायची, कोबी शिजवायची. मेंढीच्या चरबीचा वास पडद्यांना, उशांना, फालानिकोच्या केसांना लागायचा. आत्या एक बटाटा घ्यायची, मीठ लावायची आणि बराच वेळ चघळायची.

"दगड नाही म्हणता यायचा ह्याला," ती म्हणायची, "पण दगडाचा भाऊ नक्की असेल."

दुकानात केकवर घालायचा सुक्या खोबऱ्याचा कीस मिळायचा. तो मी गरम दुधात भिजवला, फडक्यातून पिळला आणि डब्यातल्या माशावर ओतून तिच्यापुढे ठेवला. तिनं वाकून वास घेतला.

"हा नारळ कधी मेला?"

"फार दिवस झाले असतील, आत्या."

"मग पुरा की त्याला. मला का वाढतेस?"

फणसासारखं आमचं एक फळ असतं, निखाऱ्यावर भाजायचं. त्याच्याऐवजी मी लाल भोपळा साल जळेपर्यंत चुलीवर भाजला. त्याचे तिनं दोन घास खाल्ले आणि माझ्या हातावर थोपटलं. "तू दमू नकोस, पोरी." तिनं नावं ठेवलेली मला चालली असती. ते थोपटणं मला सहन झालं नाही. मी पदार्थ तसाच ठेवून बाहेर पडले आणि चालत सुटले.

त्या दिवसांत मी फार चालायची. आमच्या बेटावर घरातून निघालं की विडी संपायच्या आत पलीकडचा समुद्र यायचा. माणूस चिडलं, रुसलं, भांडलं, की चालत कडेपर्यंत जायचं, पाणी बघायचं आणि परत यायचं. इथं मी गल्लीच्या टोकाला जायची, तिथून दुसरी गल्ली सुटायची, तिच्यापुढे रस्ता, रस्त्यापुढे पाइनची रांग. कडच यायची नाही. मग पाय दुखले म्हणून परतायचं, मन भरलं म्हणून नाही.

ईस्टर जवळ आला तसं एका सकाळी आत्या फालानिकोला म्हणाली, "ऑकलंडहून जहाज सुटतं ना? माझी जागा सांगून ठेव."

"आत्या, तिकडं अजून घरावर धड छप्पर नाही."

"छप्पर नसू दे. खाली माणसं आहेत ना."

"आणि लुहिया? तिचे दिवस भरत आलेत."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "इथं मी नुसती बसून असते. बसून असलेल्या म्हातारीचा तिला काय उपयोग?"

फालानिकोनं जागा सांगून ठेवली. थोरलीचा शब्द मोडायची आमच्याकडे रीत नाही. पण ईस्टरनंतरची तारीख होती, थोडा अवधी होता, आणि मी मनाशी एकच धरून बसले. ताजा मासा. खरा, आज पाण्यातून काढलेला. तो पोटात गेला की ती थांबेल.

आता गंमत अशी, की समोर एवढं तळं ट्राउट माशांनी भरलेलं, पण तो मासा विकायला कायद्यानं बंदी. ज्याला हवा त्यानं परवाना काढून स्वतः गळ टाकायचा. फालानिकोनं परवाना काढला आणि कामावरच्या एकाकडून काठी मागून आणली. आमचा फालानिको म्हणजे भर समुद्रात होडी उलटेल एवढे मोठे मासे ओढणारा. तो रविवारी कमरेएवढ्या गार पाण्यात उभा राहून पिसं बांधलेला एवढासा हूक हवेत भिरकावू लागला.

"मासा पकडतोय की माश्या हाकलतोय, तेच कळत नाही," तो घरी येऊन म्हणायचा. ओठ निळे पडलेले असायचे. "आणि शेजारी उभे असतात ते लोक मासा पकडतात, त्याला मापतात आणि परत सोडून देतात!"

"सोडून?" आत्यानं विचारलं.

"सोडून."

"वेडे आहेत का?"

"नाही. एक तर बँकेचा मॅनेजर आहे."

बरेच रविवार रिकामे गेले. मग एकदा, जहाजाला थोडेच दिवस उरले असताना, तो गल्लीतून तोंडभर हसत आला. कल्ल्यात बोट अडकवून मासा उंच धरलेला. चांगला हातभर होता. मी तवा चुलीवर चढवला आणि खोबऱ्याचा कीस दुधात घातला.

आत्या पाटावरून उठली. मासा हातात घेऊन तिनं तोलला, पोट दाबलं, कल्ले उघडून पाहिले.

"ताजा आहे," ती म्हणाली. मग, "कुठून आणलास?"

"तळ्यातून, आत्या."

"ते कळलं. घरी कुठून आणलास? मागच्या झाडीतून की रस्त्यानं?"

"रस्त्यानं. सरळ."

"कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनी!" फालानिको खुशीत होता. "समोरच्या विकी आँटीनं तर शिट्टी मारली. शेजारच्या ट्रेम्बाथबाई कुंपणाशी उभ्या होत्या. कोपऱ्यावरचा तो लाल केसांचा गाडी धूत होता, त्यानं हात केला."

आत्याचा चेहरा उतरला. मासा तिनं टेबलावर ठेवला.

"एवढ्या डोळ्यांपुढून मासा घेऊन आलास आणि दार लावून घेतलंस? तुझ्या बापानं पाहिलं असतं तर?"

"आत्या, इथं तसं नसतं. इथं ज्यानं पकडला त्याचा."

"मग इथल्या माणसांना झोप कशी लागते?"

"अहो आत्या," मी मध्ये पडले, "एकच तर मासा आहे. आपण तिघं आहोत. खाऊ या ना." माझा आवाज माझ्याही मनाविरुद्ध रडका झाला.

"तू खा, पोरी. तुला हवाय. माझ्या घशाखाली नाही उतरायचा."

तवा तापून धुरावला होता. मी तो खाली उतरवला. इतके महिने मी चव शोधत होते, मीठ, खोबरं, भाजल्याचा वास. आणि ह्या बाईची भूक चवीपाशी अडलेलीच नव्हती. जे कुणी वाटलं नाही ते तिच्या लेखी अन्नच नव्हतं.

"गल्लीत घरं किती?" तिनं विचारलं.

"आत्या, नको," फालानिको म्हणाला.

"तुला विचारलं नाही मी. लुहिया, घरं किती?"

"आपलं धरून नऊ."

"कुणाकडे किती माणसं?"

मी खिडकीतून समोरच्या घराकडे पाहिलं.

"इतके महिने राहतेस आणि शेजारी किती माणसं जेवतात ते माहीत नाही?"

दोरीवरचे कपडे आठवून आठवून मी सांगत गेले. इकडे तान्ह्याचे लंगोट असतात, तिकडे तीन शाळेचे शर्ट. आत्यानं पाट ओढला, बसकण मारली आणि सुरी घेतली. एका माशाचे तिनं असे तुकडे केले, की मी आजही तसे करू शकत नाही. काही तर अंगठ्याएवढे. माडाची पानं नव्हती म्हणून कोबीची पानं सोडवली आणि एकेक वाटा त्यावर मांडला. आमच्या घराला डोकं आणि शेपूट उरली.

"जा, देऊन ये."

"मी नाही येणार," फालानिको म्हणाला. "मला उद्या ह्याच गल्लीतून कामावर जायचंय." आणि तो न्हाणीघरात जाऊन बसला.

मीच गेले, पोट पुढे काढून, दोन्ही हातांत कोबीची पानं. माझं इंग्रजी तेव्हा दुकानापुरतं होतं. "मासा. तुमचा," एवढंच मी प्रत्येक दारात म्हटलं. लाल केसांच्या माणसानं खिशात हात घालून पैसे काढले. मी मान हलवली, तर त्यानं पान परत माझ्या हातात ठेवलं. मी ते त्याच्या उंबऱ्यावर ठेवून पळाले. एकीनं आभार मानले आणि दार लावता लावता आत कुणाला तरी काही सांगितलं, आतून हसू आलं. ट्रेम्बाथबाई एकट्या राहायच्या. त्यांनी पान दोन बोटांत धरलं आणि म्हणाल्या, "ओह, किती चांगलं!" आणि वाकून आपल्या मांजराकडे बघितलं.

विकी आँटी माओरी, समुद्राकाठच्या गावाहून इथं लग्न करून आलेली. एका हॉटेलाच्या धुलाईघरात कामाला. तिनं दारातच उभं राहून तुकडा तोंडात टाकला, पानासकट.

"कच्चाच?" ती चावत चावत म्हणाली. "बरं झालं. सगळ्यांना दिलास?"

"सगळ्यांना."

"आणि तुम्हाला काय उरलं?"

मी आधी डोक्याला हात लावला, मग मागे, शेपूट असेल तिथं. तिला हसू यायला हवं होतं, पण ती हसली नाही.

त्या रात्री आत्यानं माशाचं डोकं शेवटच्या काट्यापर्यंत चोखून खाल्लं. सकाळी उठून पाहते तर खवणीचा पाट मागच्या दारातून पुढच्या दारात आलेला.

ती वाट बघत होती. आपण वाटा दिला, आता गल्लीची पाळी. तिच्या हिशेबात सगळं सरळ होतं. लाल केसांचा माणूस गाडीतून पिशव्या काढताना दिसला की विचारायची, "काय आणलं त्यानं?"

"दुकानातून सामान, आत्या."

"आता मांडेल का?"

"नाही."

दुधाची गाडी यायची, पावाची गाडी यायची, प्रत्येक जण आपापलं उचलून आत न्यायचा आणि दारं लागायची. मी खिडकीशी यायची, चुलीशी जायची, पुन्हा खिडकीशी यायची. तिची पाठ दिसायची. एकेक दिवस ती पाठ वाकत चालली होती.

रविवारी चर्चनंतर ट्रेम्बाथबाई आल्या. त्यांनी आत्याशी हात मिळवला आणि गोड हसून खूप काही बोलल्या. मला कळलं ते एवढंच, की मांजरानं, त्यांच्या टिबीनं, मासा चाटूनपुसून खाल्ला, आणि नवरा गेल्यापासून त्या स्वतः ट्राउटला हात लावत नाहीत.

"काय म्हणते ती?" आत्यानं विचारलं.

मांजराचं मी सांगणार नव्हते. पण सांगायची गरजच पडली नाही. ट्रेम्बाथबाईंनी हाताचा पंजा करून तोंडावरून फिरवला, मिशा पुसल्यासारखा, आणि म्हणाल्या, "म्याँव!"

आत्या बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसली, मांडीवर थाप मारून, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. "मांजर! माझ्या भावाच्या पोरानं पकडलेला, मी ह्या हातानं कापलेला, आणि मांजर!" ट्रेम्बाथबाईही हसल्या, मीही हसले. टाउपोला आल्यापासून पहिल्यांदा ती हसत होती. मला वाटलं, सुटले.

बाई गेल्यावर आत्यानं डोळे पुसले. "फालानिको, जहाज ह्या आठवड्यातच ना?"

"हो, आत्या."

"बरं." थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, "तिच्या घरात आणखी कोण?"

"कुणी नाही. ती आणि मांजर."

"मग दोघं," ती पुटपुटली. "मी एकच धरलं होतं. माझंच चुकलं."

दुसऱ्या दिवसापासून तिनं गाठोडं बांधायला घेतलं.

मला घरात थांबवेना. चालत चालत मी विकी आँटीच्या परसात कशी पोचले मला आठवत नाही. ती चादरी वाळत घालत होती.

"ती जाते आहे," मी म्हटलं.

"कोण? तुमची म्हातारी?"

"हो. बसनं. मग जहाज."

"तुला ह्या अवस्थेत सोडून? का?"

मी इंग्रजी शब्द जमवत होते. "इथं तिला वाटायला काही नाही," मी शेवटी म्हटलं. हे तिला कळेल असं मला वाटलं नव्हतं. विकी आँटीनं चिमटे दातांत धरले, एक चादर झटकून दोरीवर टाकली, दुसरी टाकली.

"बस कधीची?" तिनं चिमट्यांमधूनच विचारलं.

मी सांगितलं. ती पुन्हा चादरींकडे वळली. मी घरी आले आणि मला वाटलं, हे एक दारही लागलं.

जायच्या सकाळी धुकं होतं. आत्यानं काळा झगा घातला, डोक्यावर टोपी घातली. गाठोडं दारात, त्यावर खवणीचा पाट दोरीनं बांधलेला. तिनं माझ्या पोटावर दोन्ही हात ठेवले आणि बराच वेळ तसेच ठेवले. मी ठरवलं होतं रडायचं नाही. बस कोपऱ्यावरच्या दुकानापुढे थांबायची. फालानिकोनं गाठोडं खांद्यावर घेतलं.

तेवढ्यात एक जुनाट ट्रक खडखडत गल्लीत शिरला आणि आमच्या दारात थांबला. आत विकी आँटी आणि तिच्याइतकाच रुंद एक माणूस, तिचा भाऊ. दोघांनी मिळून मागची दोन ओली पोती ओढली आणि आमच्या गवतावर उपडी केली.

कहावाई. समुद्राचे मासे, निळ्या पाठीचे, हाताएवढे जाड. आणि वास! मीठ, शेवाळ, ओली दोरी. आमच्या किनाऱ्याचा वास धुक्यातून सरळ नाकात शिरला. फालानिको खांद्यावरच्या गाठोड्यासकट जागच्या जागी उभा राहिला.

"नदीच्या मुखाशी काल लोंढाच आला होता," विकीचा भाऊ म्हणाला. "ही म्हणाली, भरून आण. रात्रभर जाळं ओढतोय."

"त्या अंगठ्याएवढ्या तुकड्यानं मला झोपू दिलं नाही," विकी आँटी माझ्याकडे बघून म्हणाली. "सांग तुमच्या म्हातारीला. हे गल्लीचे आहेत. मला वाटता येत नाहीत, मी भांडणं लावीन. तिला येतं, तर तिनं वाटावं."

मी सांगितलं. आत्या ढिगाकडे बघत होती.

"हे पुरुषांचं काम," ती म्हणाली. "किनाऱ्यावरची मांडणी बायका करत नाहीत."

"इथं किनाराच नाही, आत्या," फालानिको म्हणाला.

"माझी बस."

"बस थांबायची नाही."

"आणि मासे थांबतील?" ती त्याच्यावरच खेकसली. "बघतोस काय ठोंब्यासारखा? सोड तो पाट!"

त्यानं दोरी सोडली. आत्यानं टोपी काढून माझ्या हातात दिली, झगा गुडघ्यांपर्यंत खोचला आणि ओल्या गवतात पाट टाकून बसली. मी सुरी आणली. ती मासा उचलायची, तोलायची, ठेवायची, आणि मला विचारायची. तान्ह्याच्या घरी किती? शाळेच्या तीन शर्टांच्या घरी? आजीबाई आहे ना तिथं, तिला मऊ भाग. मोठे मासे कापून, छोटे अख्खे, असे एकेक ढीग लागत गेले. धुकं विरळ झालं तशी दारं उघडली. लाल केसांचा माणूस अंगणापर्यंत आला आणि खिशात हात घालून उभा राहिला, पण ह्या वेळी त्यानं खिशातून काही काढलं नाही. ट्रेम्बाथबाई कुंपणावरून वाकून बघत होत्या. आत्यानं त्यांच्या ढिगावर एक मासा ठेवला, थांबली, मग एक चिमुकला शोधून त्याच्या शेजारी ठेवला.

"हा मांजराचा," ती म्हणाली. "आता नाही चुकायची."

ट्रेम्बाथबाईंना भाषा कळली नाही, पण त्या छोट्या माशाकडे बघून त्यांनी तोंडावर हात धरला.

आता आमचं घर उरलं. मला ठाऊक होतं, जो गाव सोडून निघालाय त्याचा वाटा इनातीत धरत नाहीत. आत्यानं एक मासा ठेवला. "फालानिको." दुसरा ठेवला. "लुहिया." मग ती थांबली. कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला, एकदा, दोनदा. तिनं मान वर केली नाही. ढिगात राहिलेला शेवटचा मासा तिनं उचलला, हातात तोलला आणि आमच्या ढिगावर ठेवला.

"हा तुमचा, आत्या?" मी विचारलं.

"माझा कसा? मी निघालेली बाई." तिनं सुरीच्या टोकानं माझ्या पोटाकडे दाखवलं. "ह्याचा."

"आत्या, ते अजून जन्मलंय कुठं?" फालानिको म्हणाला. "जन्मल्याशिवाय वाटा कसा?"

"म्हणून काय झालं? येईपर्यंत त्याच्या नावानं मी खाईन."

बस गेल्याचा आवाज झाला. मी गवतातच बसले आणि इतके दिवस न रडलेलं सगळं रडले, आणि आत्या म्हणाली, "अगं, माशांवर नको रडूस. त्यांना मीठ पुरेसं आहे."

मे महिन्यात, इकडची थंडी सुरू होताना, मुलगी झाली. आत्या माझ्या उशाशी होती. नर्सबाईंनी तिला दोनदा बाहेर काढलं आणि ती दोनदा आत आली. विकीचा भाऊ कधी मासे आणायचा, कधी शिंपल्या, फालानिको कधी एखादा ट्राउट आणायचा, लाल केसांच्या माणसानं एकदा भोपळ्यांची अख्खी टोपली दारात आणून ठेवली. सगळंच काही असं आलं नाही. काही दारं लागलेलीच राहिली. मटणाचा वास पडद्यांतून कधीच गेला नाही. पण आत्या जेवत होती, मुलीच्या नावानं.

मुलीला दोन दात आले आणि तिनं कहावाईचा एक तुकडा माझ्या हातून ओढून चोखायला घेतला. आत्या बघत होती.

"बघ," ती म्हणाली. "आता तिचं ती घ्यायला लागली."

मला तेव्हाच कळलं, आता ती थांबायची नाही. पुढच्या जहाजानं ती गेली. ह्या वेळी मी थांबवायचा प्रयत्न केला नाही. फक्त निघताना गाठोडं हलकं का दिसतंय म्हणून पाहिलं, तर पाट तिनं दारातच ठेवला होता, पुढच्या दारात.

तो पाट आता इथं पोरिरुआला आहे. काल नात बाजारातून मासा घेऊन आली. मी दारापर्यंत गेले आणि तिला विचारलं, "आणताना कुणी पाहिलं का गं?"

"आजी, गाडीच्या डिकीत होता. कोण बघणार?"

"वरच्या मजल्यावरचे आजोबा खिडकीत होते की. त्यांनी पाहिलं असेल."

नातीनं उसासा टाकला आणि पिशवी माझ्यापुढे ठेवली. मग मी पाटावर बसले आणि तिला विचारलं, त्यांच्याकडे माणसं किती आणि मांजर आहे का.